मयत असा शेरा

आमचे हे गेले, त्यानंतरही मी त्यांचा फोन बंद केला नव्हता. काही ठरवून नाही, राहून गेलं इतकंच. एका सकाळी मी शाळेला निघायच्या गडबडीत असताना तो वाजला. पोलीस ठाण्यातून एक हवालदार बोलत होते.

"दादा हाईत का? निवडणूक लागलीया, बंदूक जमा करा म्हणावं. सगळ्यांची आली, तुमचीच ऱ्हायलीया."

"ते वारले," मी म्हटलं. "भाताची लावण चालू होती, बांधावरच कोसळले. हार्ट अटॅक."

मग हवालदारांनी विचारलं, "मग बंदूक कुणाकडं हाय?"

बंदूक आतल्या खोलीतल्या कपाटात होती. आमचं शेत चंदगडला, जंगलाला लागून. पीक भरात आलं की रानडुकरं उतरायची, म्हणून पीक संरक्षणाचा परवाना यांनी लग्नाआधीच काढला होता. बार उडवायचे तेही हवेत, दोन-चार वेळाच. हे गेल्यावर ती बंदूक मला आठवलीसुद्धा नव्हती. हवालदार समजावून सांगत होते, की परवाना ज्याच्या नावावर तो माणूस नसेल तर हत्यार घरात ठेवता येत नाही, तो गुन्हा होतो. मी बरं म्हणत होते.

दुपारी चुलतदिराला बरोबर घेऊन ती ठाण्यात जमा केली. पोच मिळाली. निवडणूक झाली, बाकीच्यांनी आपापल्या बंदुका परत नेल्या. मला हवालदारांनी दोन वाटा सांगितल्या. परवाना स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर कोल्हापुरात बंदुकांच्या दुकानदाराला विका. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "आई, विकून टाक." अर्ज केला, विक्रीची परवानगी आली, मग मी आणि दीर ठाण्यातून बंदूक घेऊन एसटीनं कोल्हापूरला गेलो.

यांनी जिथून घेतली होती तेच दुकान अजून चालू होतं. म्हाताऱ्या दुकानदारानं बंदुकीवरचा नंबर भिंगातून वाचला, आत गेला आणि एक जुनं रजिस्टर घेऊन आला. पान सापडायला वेळ लागला नाही.

"ह्यो बगा. आमच्याकडनंच गेलती."

नाव, गाव, परवान्याचा नंबर, आणि पुढं यांची सही. पूर्ण नाव लिहून केलेली, शाळेतल्या मुलासारखी एकेक अक्षर सुटं. मी ओळखते ती सही नुसता एक फराटा होता. ही माझ्या आधीची. पाहून काहीतरी वाटायला हवं होतं. मी सहीकडे बघत राहिले आणि दुकानदाराचा पंखा आवाज करत होता तो ऐकत राहिले.

"एवढी जुनी रजिस्टरं ठेवता?" दिरानं विचारलं.

"ठेवायलाच लागत्यात की. उद्या कुठं बंदूक घावली, तर पोलीस पयलं माझ्या दारात येणार, कुणाला इकली म्हणून. टाकून कसं चालंल? दुकान बंद केलं तरी रजिस्टरं सरकारात द्यायची."

त्यानं नव्या रजिस्टरात नोंद केली, मी सही केली. बंदूक त्यानं आत नेली.

तिथून परवाना रद्द करायला कलेक्टर ऑफिसात. दीर बाहेर चहाला थांबले, मी एकटीच टेबलापाशी बसले. तिथली कारकून मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची असेल. मृत्यूचा दाखला मी न मागताच पुढं केला. रेशनकार्ड, बँक, वीजमीटर, सातबारा, सगळीकडे तो देऊन झाला होता आणि सगळीकडून नाव कमी झालं होतं. हे शेवटचं.

"नाव कधी निघेल?" मी विचारलं.

"नाव निघत न्हाई काकू. मयत असा शेरा मारायचा, परवाना रद्द. पण नाव, बंदुकीचा नंबर, कुणाला इकली, सगळं ऱ्हातंय. कॉम्प्युटरवर बी हाय."

"किती वर्षं?"

तिनं शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडं पाहिलं. ते कागदातून वर न बघता म्हणाले, "बंदूक हाय तवर तरी ऱ्हाणारच की ओ. बंदूक काय मरत न्हाई."

मुलगी ओशाळली. "काकू, पाणी देऊ का?" म्हणाली. मी नको म्हटलं. साहेबांच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. ते बोलले ते बरोबरच होतं.

परतीच्या एसटीत दीर पुढच्या सीटवर झोपून गेले. माझ्या शेजारी वाटेतल्या गावची एक बाई होती, दवाखान्यातून निघालेली. तिनं डबा उघडला.

"कुठं गेलतासा?"

"कलेक्टर ऑफिसला."

"झालं काम?"

"झालं."

तिनं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून, वर ठेचा ठेवून माझ्या हातात दिला. मी खाल्ला. तिखट लागलं, डोळ्यांत पाणी आलं. बाईनं पाण्याची बाटली पुढं केली आणि काही न विचारता खिडकीबाहेर बघत बसली.