मातीत मूठभर सिमेंट

माझ्या मुलाला आणि सुनेला गाडीतून जुनी गावं बघायचा नाद आहे. गेल्या वर्षी दोघं सायप्रसला गेली. बेटाभोवती गाडी फिरवायची, जुनं गाव दिसलं की उतरायचं, फोटो काढायचे, पुढे निघायचं. दहा दिवस हेच. ते दहा दिवस माझी बायको इथे आखातात, मुलाच्या अल रीममधल्या अठराव्या मजल्यावरच्या घरात नातीला सांभाळत होती. आता बायको नाही. आठ महिने झाले. आणि ह्यांनी ठरवलं, बाबांचं मन रमवायला तशीच फेरी इथे डोंगरातल्या गावांतून काढायची.

मी म्हटलं, मला घरी राहू द्या.

"घरी काय करता बाबा? भिंतीकडे बघत बसता," सून म्हणाली.

"भिंतीच बघायच्या तर घरच्या काय वाईट?"

नेलंच. नातही बरोबर होती. मुलाने मोबाईलमध्ये पाच ठिकाणांची यादी केली होती. पहिल्या गावात नुसती मोडकी घरं. सून म्हणाली, किती शांत आहे ना. माणसं गेली की शांतच असतं. मी गाडीतून उतरलो नाही. दुसऱ्या गावात कडू कॉफी दिली, ती मी कुंडीत ओतली. मुलाने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ह्या गोष्टीचाही राग येतो मला.

तिसऱ्या ठिकाणचं नाव त्याने वाचलं तेव्हा मी म्हटलं, "तिथे नको."

"का? सगळ्यात भारी तेच आहे. फार जुना किल्ला."

"जुना कसला. बाहेरचा गिलावा माझ्या हातचा आहे."

मुलाला कुठे माहीत होतं? त्याला एवढंच ठाऊक, की बाप मुसफ्फाच्या मजुरांच्या कॅम्पात राहतो आणि दर दोन वर्षांनी टॉर्च घेऊन गावी येतो. मी चौथी शिकलेला गवंडी. एकवीस वर्षं ह्या देशात गिलावा केला. पण सगळ्या इमारतींच्या दारात वॉचमन. कोणीही जवळ जाऊन बघावं असं माझं काम एकच, हा किल्ला. बायको गावाहून इथे आली तेव्हापासून मागे लागली होती. "अहो, एवढी वर्षं तिकडे काय केलंत, एक भिंत तरी दाखवा." मी म्हणायचो, ऊन फार आहे. थंडीत म्हणायचो, नातीची शाळा आहे. तीन वर्षं असंच.

खरं काय ते लिहितो. त्या किल्ल्याची डागडुजी चालली होती, त्याला पूर्वीसारखा मातीचाच गिलावा द्यायचा होता. माती पेंढा घालून भिजवायची, दिवसचे दिवस कुजू द्यायची, मग हाताने लावायची. तीन बाजू तशाच केल्या. विहिरीकडची चौथी राहिली आणि फोरमनचं यल्ला यल्ला, लवकर उरका, सुरू झालं. माती मुरली नव्हती, भिंतीवरून घसरत होती. मी दर घमेल्यात मूठभर सिमेंट टाकलं. झकास चिकटलं. शुक्रवारी फोनवर बायकोला हे ऐटीत सांगितलं.

ती मातीच्या घरातली. दर वर्षी स्वतः भिंती लिंपणारी. म्हणाली, "मातीला सिमेंट झेपत नाही. पापुद्रा धरेल आणि सुटेल. माझ्या माहेरच्या न्हाणीची भिंत विसरलात?"

"तू चूल बघ," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

किल्ल्यापाशी उतरलो. तीन बाजू ठणठणीत, बोटांचे फराटे अजून दिसत होते. मुलगा दर्शनी भिंतीपुढे उभा राहून नातीला सांगू लागला, हे आजोबांनी केलंय. मग माझ्याकडे वळला. "आईला आणायला हवं होतं बाबा. तुम्ही कधी बोललाच नाहीत."

त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तो खरं बोलत होता म्हणूनच.

मी विहिरीकडे गेलो. तिथे दोरी बांधली होती. दाराएवढा गिलावा गळून पडला होता, उरलेला फुगून लोंबत होता. मी दोरी उचलली.

"बाबाजी, उधर नहीं, दीवार खराब है," खुर्चीतला वॉचमन म्हणाला.

"मालूम है. मैंने ही खराब किया."

तो हसला. त्याला गंमत वाटली. मी बोटाने ठोकून बघितलं. भिंत पोकळ वाजली. पापुद्रा भाकरीएवढा जाड, दगडासारखा टणक. मागची माती पीठ झालेली.

नात मागे येऊन उभी राहिली. "आजोबा, व्हिच वन इज युवर्स?"

"सगळ्याच. पण ही जास्त माझी."

"बट इट्स ब्रोकन."

"हो."

ऊन कधीच फार नव्हतं. बायकोने इथे उभं राहून 'सांगितलं होतं ना' म्हणावं, ते मला नको होतं. एकदाच म्हणाली असती. मग सावलीला बसून तिने डबा उघडला असता. तेवढं एक वाक्य चुकवायला मी तिला तीन वर्षं खोटं सांगितलं.

मुलगा हाक मारत आला. "चला बाबा, अजून दोन गावं राहिलीत."

"तुझ्या आईला आणलं नाही ते ह्या भिंतीपायी," मी म्हटलं. "तिने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. उन्हाचं कारण खोटं होतं."

त्याने भिंतीकडे बघितलं, मग मोबाईल खिशात टाकला. सून फोटो काढायला पुढे झाली, त्याने तिचा हात खाली केला. परत येताना गाडीत कोणी माझं मन रमवायला गेलं नाही. दोन गावं राहिली ती राहिलीच. राहू देत.