यानाच्या दारातला पिवळा दिवा

आमच्या आबांनी तीस वर्षं एसटी चालवली, धुळे–जळगाव. त्यामुळे टीव्हीवरच्या त्या इंग्रजी मालिकेतलं अंतराळयान पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "डायव्हर कोन शे?"

ती मालिका अजून चालूच आहे. कप्तान बदलले, यानं बदलली, आमच्या देवपूरच्या घरात तीन टीव्ही होऊन गेले, तरी ती आपली चालूच. तेव्हा केबलवर शनिवारी दुपारी लागायची. घरात इंग्रजी कळणारी मी एकटी, बी.ए. इंग्रजीवाली, म्हणजे अर्धं कळायचं आणि अर्धं मी ठोकून द्यायची. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ आणि मधे माझी अहिराणी चालू.

आवडते भाग प्रत्येकाचे वेगळे. मला आवडायचा तो, ज्यात यानातलं पाणी संपतं आणि माणसं पेलाभर पाण्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. आबा म्हणायचे, "त्यामा नवं काय? आपला नळले पानी कवय उनं व्हतं?" भावाचा लाडका भाग म्हणजे एक खलाशी स्वतःच्याच म्हातारपणाशी भांडतो तो. पोट धरून हसायचा त्यावर. "मी म्हतारा व्हसू ना, तवय असाच खडूस व्हसू," म्हणायचा.

मग भाऊ सुरतेला कामाला गेला. आबांनीच त्याला गाडीत बसवून दिलं, ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून पुढची सीट मिळवून दिली. सहा महिने फोन आले, मग बंद. आबा सुरतेला चार वेळा जाऊन आले, पोलिसांत फोटो दिला, गल्लीबोळ पालथे घातले. तो कुणालाच दिसला नव्हता. आई आधीच गेलेली. आबांनी जेवण टाकलं. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायचे, आणि आता हेही जातात की काय म्हणून मी रात्री उठून त्यांचा श्वास बघायचे.

अशाच एका शनिवारी, निदान उठून बसतील म्हणून मी टीव्ही लावला. आणि नशीब बघा, नेमका हरवलेल्या पोराचा भाग! यानातला एक तरुण मेकॅनिक छोट्या गाडीत बसून बाहेर पडतो आणि हरवतो. त्याला वाट दिसावी म्हणून कप्तान दारात पिवळा दिवा लावतो. सगळं यान त्याच्यासाठी थांबतं. आबा खरंच उठून बसले. शेवटी कप्तान आपल्या हातांनी दिवा बंद करतो आणि यान निघतं.

"दिवा काबर बंद?" आबांनी विचारलं.

तो आता येत नाही, आपल्याला पुढे गेलं पाहिजे, असं कप्तान म्हणाला होता. या वेळी मला शब्द न् शब्द कळला होता. मी म्हटलं, "तो उना ना, आबा. आते दिवा कसाले?" तो परत आला म्हणून दिवा विझवला, असं मी ठोकून दिलं.

त्या दिवशी आबा दीड भाकर जेवले. संध्याकाळी ओट्यावर त्यांनी पिवळा बल्ब लावला. त्याला अठरा वर्षं झाली, रोज दिवेलागणीला तो लागतो. शेजारी हसतात, हसोत मेले. मीही कधी टोमणा मारायचे आणि मग स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटायची, कारण आबा त्या बल्बवर जगत होते आणि बल्ब माझ्या थापेवर जळत होता. खरा शेवट त्यांना कळू नये, एवढंच मी देवाकडे मागायचे.

मालिका इंग्रजीत होती तोवर घोर नव्हता. आता सगळे जुने भाग हिंदीत आले. आबा पंच्याऐंशीचे, पण हायवेवर शिकलेलं हिंदी पक्कं. "तो दिवावाला लाव ना, माय," असा लकडा लावला. मी म्हणायचे, तो भाग काढून टाकलाय. मास्तरीण असून धडधडीत खोटं! आणि माझी अक्कल बघा: गुडघ्यांमुळे त्यांना उठता येत नाही म्हणून रिमोटमध्ये बोलून भाग कसा शोधायचा, हे मीच त्यांना शिकवलं.

मागच्या रविवारी मी आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते. तेच संगीत कानावर आलं. पिठाच्या हातांनी धावले.

"वो अब नहीं आएगा," कप्तान स्वच्छ हिंदीत सांगत होता. "बत्ती मैं ख़ुद बुझाऊँगा।"

आबा पडद्यावर सरकणारी नावं बघत राहिले. मग म्हणाले, "तुले तवयच समजेल व्हतं?"

"हा, आबा."

त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. अख्खा डेपो त्यांच्या शिव्यांना टरकायचा. "तुन्हं सांगेल बरं व्हतं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. तव्यावरची भाकर करपली. दुसरी टाकायची मला इच्छा झाली नाही.

दिवेलागण झाली, बल्ब लागला नाही. बटण आबांच्या उशाशीच आहे. मी वाट पाहिली, शेवटी स्वतःच जाऊन दाबलं आणि बाहेर ओट्यावर आले. मला आबांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. अठरा वर्षं विश्वास ठेवलात, अजून चार दिवस ठेवला असता तर काय बिघडलं असतं? थाप मारणारी मी, मला सगळं ठाऊक, तरी फाटक वाजलं की मान आधी माझीच वळते.

"आबा, राहू द्या ना चालू," मी बाहेरूनच ओरडले.

"कोनासाठे, माय?" आतून आवाज आला, बटण खटकन वाजलं आणि माझ्या डोक्यावरचा दिवा गेला.

मी अंधारात फाटकाची कडी धरून उभी राहिले. माझा भाऊ आता येणार नाही, हे मला तेव्हा कळलं.