सुमनकाकूंचा गुरुवार

शुक्रवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला, तर आमच्या घरात कोणी दचकत नसे. पलीकडून सुमनकाकूंचा रडून बसलेला आवाज यायचा, "शुभा, मेला नाही गं तो! नुसता बेशुद्ध आहे." माझा नवरा उशीत तोंड खुपसून विचारायचा, "कोण?" मी म्हणायची, "कोरियातला." तो कूस बदलून पुन्हा घोरायला लागायचा.

सुमनकाकू आमच्या वरच्या मजल्यावर राहत. लेक मार्केटच्या मागच्या गल्लीतलं ते तीन मजली घर, खाली मिठाईवाला, त्यामुळे जिन्यात कायम गुळाचा वास. काका केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात होते. बदली होऊन कोलकात्याला आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. पुण्याचे नातेवाईक बोलवायचे, तर काका म्हणायचे, "हवा मानवते इकडची." वास्तविक या हवेत काकांचा दमा बारा महिने शिट्टी वाजवायचा. काका गेले तेव्हा काकू रडल्या नाहीत. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणाल्या, "धीराची बाई." काकू मात्र मला हळूच म्हणाल्या होत्या, "धीर कसला? आतून काही येतच नाहीये, शुभा. मी वाईट बाई आहे का गं?"

माझ्या लेकीला, इराला, ते बघवलं नाही. इरा कॉलेजातली, मराठी अर्धवट, पण मन पूर्ण. तिने काकूंच्या फोनवर कोरियन प्रेमकथांच्या चित्रमालिकांचं अॅप घालून दिलं. "आजी, हे वाचा. रडायला खूप चांगलं होतं," ती म्हणाली. काकूंनी चष्मा नाकावर ओढला. अंगठ्याने पडदा वर सरकवला, चित्रामागून चित्र वर सरकत गेलं, आणि त्या म्हणाल्या, "उभी पोथी आहे गं ही! पान उलटायला नको, नुसतं ढकलायचं." त्या दिवसापासून पोथी सुटली नाही. इंग्रजीतून वाचायच्या, अडलेला शब्द इराला विचारायच्या, आणि नायकाला थेट मराठीत शिव्या घालायच्या.

कुठली वाचावी आणि कुठली नाही, याचे काकूंचे नियम कडक होते. कंपनीच्या मालकाचा मुलगा नायिकेचं मनगट धरून ओढत नेतो, ती बाद. "मेल्याच्या कानफटात द्यायला हवी, ही लाजते काय!" पहिल्याच भागात मुका घेतात, तीही बाद. "मग पुढे वाचायचं काय, त्यांचं रेशनकार्ड?" पण ज्यात मुलगा तिची भिजलेली चप्पल उन्हात उपडी करून ठेवतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, ती वाच म्हणजे वाचच. "या लोकांना गप्प राहता येतं, शुभा. तीन-तीन चित्रं नुसता रिकामा जिना दाखवतात. आपल्याकडे एवढं कोण थांबतंय?" मी त्यांच्या सांगण्यावरून किती वाचल्या, विचारू नका. ऑफिसात वार्षिक अहवालाच्या आड वाचल्या आणि साहेबांनी रडताना पकडलं, तेव्हा डोळे आल्याचं सांगून दोन दिवस रजाही पदरात पाडून घेतली.

पण काकूंची खरी लाडकी मालिका एकच. तिचं नाव काही तरी लांबलचक होतं, काकू म्हणायच्या 'होडीवाला'. एका बेटावर सोरा नावाची शाळामास्तरीण. दर आठवड्याला किनाऱ्यावरून दोयून नावाचा मेकॅनिक होडीने येतो, शाळेचा जनरेटर बघतो, दोन शब्द बोलतो, परत जातो. सोरा विचारते, "आज कसे आलात?" तो म्हणतो, "इकडे काम होतं." बस्स. या 'इकडे काम होतं'वर काकू वर्षभर तरंगत होत्या. नवा भाग दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला यायचा.

आणि इथेच घोटाळा झाला. गुरुवारी संध्याकाळी काकू दार लावून घेत, फोन उचलत नसत. रडून पित्त होतं म्हणून आधी जेवत नसत. एकदा आमच्या मंडळाच्या अध्यक्ष देशमुखबाई नेमक्या त्याच वेळी टपकल्या. देवापाशी दिवा, काकूंचे डोळे लाल, पोटात अन्न नाही, आणि काकू दारातूनच म्हणाल्या, "गुरुवारी मला बोलायचं नसतं." देशमुखबाईंनी तिथल्या तिथे चप्पल काढून हात जोडले. रविवारपर्यंत साऱ्या मंडळात झालं, सुमनताईंचं गुरुवारचं कडक व्रत आहे. उपास, मौन, आणि डोळ्यांतून अष्टसात्त्विक धारा!

मग नवस सुरू झाले. कोणाच्या सुनेचा व्हिसा, कोणाच्या नवऱ्याची बदली. "या गुरुवारी तेवढं महाराजांच्या कानावर घाला हं, सुमनताई." दुर्दैवाने सुनेला व्हिसा मिळाला. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा खोका हजर.

"अगं, घशाखाली उतरत नाहीत हे," काकू कळवळून म्हणाल्या. "इथे मी कोरियन पोरावर जीव टाकतेय आणि बायका माझ्या पाया पडतायत. किती पाप लागेल मला?"

"पेढे मला द्या, म्हणजे निम्मं पाप माझ्याकडे," मी म्हणाले.

"तुला हसू येतंय मेले!"

मला खरंच हसू येत होतं. देशमुखबाई समोर आल्या की मी मुद्दाम गंभीर चेहऱ्याने विचारायची, "काकू, या गुरुवारी दर्शन झालं का हो?" काकू मला पदराआडून चिमटा काढायच्या. पेढेही मी खाल्ले, इराला दिले, खालच्या मिठाईवाल्याला चाखवून वर त्याच्याकडून शेराही घेतला.

मग तो भाग आला. शुक्रवारी फोन वाजला नाही म्हणून मीच वर गेले. काकू स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, पाठ ओट्याला टेकून.

"शुभा, त्याला होडी लागते," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"दोयूनला. समुद्र सोसत नाही. दर खेपेला वाटभर ओकतो, धक्क्यावरच्या नळावर तोंड धुतो, आणि हसत तिच्यासमोर जातो. काम कसलं न् काय. जनरेटर तोच बिघडवून जायचा. तिला इतक्या दिवसांनी म्हाताऱ्या नावाड्याने सांगितलं." काकूंनी डोळे पुसले नाहीत. "ह्यांना माशाचा वास सोसत नव्हता, तुला ठाऊक आहे ना? रस्त्यात मासळीवाला दिसला तर पलीकडून जायचे. आणि दर रविवारी माझ्यासाठी मासळीबाजारात जाऊन पाबदा आणायचे, पावसाळ्यात इलिश. नाकाला रुमाल लावून. मी विचारलं, तर म्हणायचे, 'इकडूनच येत होतो.' मी त्यांना काय म्हणायची? म्हणायची, 'आणून टाकता आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसता, बायकोशेजारी दोन घास बसवत नाही तुम्हाला.' जन्मभर हेच बोलले गं. पुण्याला का गेले नाहीत, तेही आत्ता कळतंय. तिथे ताजा मासा कोण देणार होतं मला? त्या चित्रातल्या पोराचं मला एका रात्रीत कळलं. ह्यांचं कळायला कोरियाला जावं लागलं."

मी त्यांच्याशेजारी ओट्याला पाठ टेकून खाली बसले.

मालिका पुढच्या गुरुवारी संपणार होती. काकू देशमुखबाईंना फोनवर थकून बोलून गेल्या, "पुढच्या गुरुवारी एकदाचं संपेल, मग मी मोकळी." देशमुखबाईंनी लगेच उद्यापन ठरवलं. गुरुवारी संध्याकाळी सहाला मंडळाच्या बायका काकूंच्या घरी आल्या. केळीचे खांब, पाट, पुरणाचा स्वयंपाक, काकूंना नाही म्हणायला फटच ठेवली नव्हती. आरती झाली आणि देशमुखबाई म्हणाल्या, "आता व्रताची कहाणी सांगा. आम्ही कोणीच ऐकलेली नाही."

ऐकलेली कशी असेल! काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. काकूंनी तांदळाचे दाणे मुठीत धरले आणि म्हणाल्या, "आटपाट नगर होतं. नगराच्या चारी बाजूंना पाणी. तिथे एक मास्तरीण होती. तिच्याकडे एक मनुष्य होडीने यायचा."

मला वाटलं, मी हसून पाटावरून पडणार. पण काकू सांगत गेल्या, आणि त्या होडीत हळूहळू मासळीबाजार आला, रुमाल आला, गॅलरीतला पेपर आला. बायकांच्या लक्षात आलं, ही कुठल्या पोथीतली कहाणी नव्हे. साडेसात वाजून गेले, काकूंचा फोन टुणकन वाजला. त्यांनी बघितलाही नाही.

"मास्तरणीला शेवटी कळलं," काकू म्हणाल्या, "पण मला ह्यांच्या हयातीत नाही कळलं. बायांनो, व्रतबीत काही नाही. मी गुरुवारी फोनवर गोष्टी वाचत होते आणि रडत होते. तुमचे नमस्कार घेतले, पेढे घेतले, चुकले मी. पण त्याहून मोठा अपराध ह्यांचा केलाय." नवरा गेलेल्या बाईला कोणी नाव घ्यायला सांगत नाही. काकू आपण होऊन, यमक नाही, काही नाही, नुसतं म्हणाल्या, "माधव."

हे नाव त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. देशमुखबाई उठल्या. मला वाटलं, आता निघून जातील. त्यांनी पुरणपोळीचं ताट वाढलं, वर तूप सोडलं आणि काकूंपुढे ठेवून म्हणाल्या, "जेवा आधी. उपाशीपोटी रडू नये." बाकीच्यांनीही निमूट पानं घेतली. व्हिसावाल्या सासूबाईंनी तेवढं विचारलं, "मग तो व्हिसा कोणामुळे मिळाला?" त्यावर मात्र काकूही हसल्या.

शेवटचा भाग काकूंनी उघडला नाही. मी विचारलं, तर म्हणायच्या, "तिला उशीर झाला असेल, तर मला सोसणार नाही. आणि झाला नसेल, तर तेही सोसणार नाही." मी तो त्याच रात्री वाचला होता. मला शेजारणीच्या घरची भाजीसुद्धा गुपित ठेवता येत नाही, पण हे महिनोन्‌महिने पोटात ठेवावं लागलं.

या हिवाळ्यात त्यांच्या मुलीने त्यांना नागपूरला नेलं. मी हावड्याला पोचवायला गेले. सामान लागलं, मुलगी पाण्याची बाटली आणायला उतरली. काकू खिडकीशी बसल्या होत्या. गाडी सुटायला थोडाच वेळ होता, तेव्हा त्यांनी मला वाकून जवळ बोलावलं.

"सांग आता. भेटली का ती त्याला?"

खोटं बोलायची मला सवय आहे, पण तिथे गरज नव्हती.

"भेटली, काकू. धक्क्यावरच. तो नळावर तोंड धूत होता, तेव्हा जाऊन उभी राहिली."

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकीला तरी जमलं."