कंदील काढणार नाही

सास्तूरच्या फाट्यावर पुण्याची एसटी येऊन थांबली. मी खिडकीशी बसले, तर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, खालूनच टॉवेलात गुंडाळलेला कंदील माझ्या हातात दिला. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. हातात हिरवा चुडा आणि मांडीवर रॉकेलचा वास मारणारा कंदील. पुण्यात लाईट नसते का, असं कंडक्टरनं विचारलं आणि नवऱ्यानं तोंड फिरवलं. मला अण्णांचा इतका राग आला की मी धड निरोपही घेतला नाही.

सास्तूरकरांनो, तुम्ही काही जण गावातच राहिलात, काही माझ्यासारखे बाहेर पडलात. त्या कंदिलाचं काम तुम्हाला सांगायला नको. त्र्याण्णवच्या पहाटेच्या भूकंपात आमचं दगडमातीचं घर पडलं, धाकटी आत्या त्यात गेली. मग पत्र्याच्या शेडांच्या रांगेत राहायला आलो. जमीन अधूनमधून थरथरायचीच. अण्णांनी शेडच्या मधोमध कंदील टांगला, उजेडासाठी आणि धक्का कळावा म्हणूनही. बघता बघता सगळ्या रांगेत कंदील लटकले. ज्याला आपला कंदील आधी हलताना दिसेल त्यानं ताट बडवत रांगभर फिरायचं, असा नेमच पडला. अण्णा म्हणायचे, "कंदील हलला की इचार करत बसू नको. आधी शेजारी उठव, मग आपलं बघ."

पुष्कळदा तो नुसत्या वाऱ्यानं हलायचा. सगळे बाहेर यायचे, एकमेकांच्या अवताराला हसायचे आणि आत जायचे. पण ताट वाजवणाऱ्याला कुणी वेडं म्हटलं नाही. पुढं पक्की घरं मिळाली, वीज आली, तरी छताची कडी आणि कंदील राहिलेच.

आता मी पुण्यात बाराव्या मजल्यावर राहते, वर फक्त गच्ची. अण्णांचा कंदील हॉलमध्ये टांगायचाय म्हटल्यावर इंटिरिअरवाला म्हणाला, मॅडम, यात बल्ब बसवू, मस्त व्हिंटेज लुक येईल. हॉटेलांत टांगलेले तसले कंदील मी पाहिलेत. खाली ठेचा-भाकरीची महागडी थाळी आणि वर प्लास्टिकची वात. मी त्याला फक्त हुक मजबूत मारायला सांगितला, आणि पंखा लांब.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तो हलला. मी विचार करत बसले नाही. स्टीलचं ताट आणि उलथणं घेऊन जिन्यानं निघाले, प्रत्येक मजल्यावर दारं बडवत, लिफ्टनं जाऊ नका म्हणून ओरडत. बनियनवरचे आजोबा, चेहऱ्याला फेसपॅक थापलेली बाई, माझी लेक, सगळी सोसायटी पार्किंगमध्ये गोळा झाली. तिथं वॉचमननं सांगितलं, गच्चीवर वॉटरप्रूफिंगसाठी ब्रेकरनं जुन्या लाद्या फोडतायत.

व्हायचं तेवढं हसं झालं. सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर माझ्यावर विनोद चालले. त्याचं मला काही वाटलं नाही, पण लेकीला मैत्रिणी चिडवायला लागल्या. "आई, काढ ना गं तो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, आणि मी विरघळले. स्टुलावर चढले, हात हुकापर्यंत गेला. तेव्हा आत्या डोळ्यांपुढं आली. त्या पहाटे तिच्या दारात कुणीच ताट वाजवलं नव्हतं. मी लेकीला जवळ बसवून आत्याची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. पुन्हा काढ म्हणाली नाही ती.

मग कमिटीचा निरोप आला, कंदील काढा आणि माफीचं पत्र द्या. पत्र मी दिलं. ब्रेकरचा हादरा मला ओळखता आला नाही, ही माझी चूक, असं लिहिलं. खाली लिहिलं, "कंदील काढणार नाही. हलला तर पुन्हा ताट वाजवीन. सेक्रेटरीसाहेब, तुमच्याही दारात." अजून उत्तर आलेलं नाही.

गाव सोडलं तेव्हा वाटलं होतं, घर मागं राहिलं. सणाला सास्तूरला गेले की अजूनही तसं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दुपारी जिना उतरताना हे दार आपल्या माणसाचं नाही, असं म्हणून मी एकही दार सोडलं नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. माझं घर आता बारा मजल्यांचं आहे.