हातावर बसलेली आत्या

माझ्या आत्याइतकी दुसऱ्याच्या कामात हात घालणारी बाई साऱ्या काशीत झाली नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझी जाहीर मागणी आहे. जेवताना ती समोरच्याच्या पानातला भात कालवून द्यायची. गलीत एखाद्या अनोळखी माणसाची बटणं वरखाली लागलेली दिसली की त्याला थांबवून सगळी सोडायची आणि नीट लावायची. तो बिचारा तोंडातलं पान सांभाळत 'अरे माताजी, अरे माताजी' करत उभा. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, दर पंधरवड्याला कशाविरुद्ध तरी पर्चे काढायचे. एकदा छापखान्यात जाण्याआधी तिने माझा पर्चा वाचला, 'धिक्कार' खोडला आणि तिथे 'नम्र निवेदन' लिहिलं. आम्ही मुठी आवळून शहरभर नम्र निवेदन वाटत हिंडलो. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर कॉलेजात नाव घातलं, आणि कशासाठी? तर ज्या मुलांना शाळा 'मंदबुद्धी' म्हणून हाकलतात, त्यांच्याशेजारी वर्गात बसणाऱ्या सहायिकांच्या प्रशिक्षणासाठी. कारण चंपा. पंचगंगा घाटावरच्या एका नाववाल्याची ही आठ वर्षांची पोर दिवसभर आमच्या मंगलागौरीच्या देवळाजवळच्या घरात असायची. शाळेने तिला दोनदा परत पाठवलं होतं. "बटन तक तो लगता नहीं इससे. कोई ट्रेंड दीदी साथ बैठे, तो देखेंगे," असं मोठ्या बाईंनी सांगितलं. झालं. आत्याने दोन फॉर्म आणले. दुसरा माझा होता, सहीसकट भरलेला. माझी सही तिने माझ्यापेक्षा वळणदार केली होती. मी हादरले. "हा सरळसरळ खोटेपणा आहे, आत्या!" "असू दे. तू पर्च्यात 'बच्चों का अधिकार' लिहितेस ना? मग एक बच्चा हाताने धरून बघ, नेताजी."

आमच्या आजोबांकडे वेदपाठाला मुलं असायची. मुलींनी शिकायचं नाही, म्हणून आत्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकायची. पहिला शब्द दुसऱ्याला जोडून म्हणायचा, मग दुसरा तिसऱ्याला, मग तिसरा चौथ्याला. पाठ करायची तिला तेवढी एकच रीत ठाऊक होती. कॉलेजच्या सायक्लोस्टाइल नोट्स तिने घाटाच्या पायऱ्या चढता-उतरता तशाच म्हणून पाठ केल्या, खालचं 'कृपया पृष्ठ पलटें' धरून. तोंडी परीक्षेतही ती ते म्हणाली.

पण आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी एक दिवस सांगितलं, की मदत द्या आणि रोज थोडी काढून घ्या. तुमची गरज संपली, की तुमचं काम झालं. आत्या तणतणत गलीतून घरी निघाली. मग म्हणाली, "म्हणजे हात असून बघत बसायचं? हा काय माणूसपणा झाला?" आणि दुसऱ्या दिवसापासून चंपासमोर मांडी घालून ती स्वतःच्या दोन्ही हातांवर बसायला लागली. खरंच, तळहात मांड्यांखाली दाबून. चंपाचं बटण निसटलं की आत्याच्या कपाळाला घाम फुटायचा, खांदे हलायचे, पण हात बाहेर येत नसत. फक्त तोंडाने चालायचं: "बटन पकड़ो, काज खोजो, काज खोजो, बटन डालो, बटन डालो, खींचो." मला वाटलं, बाई दोन दिवसांत फुटेल. तीन महिने बसली!

प्रात्यक्षिकाला प्रत्येकीने आपण शिकवलेलं मूल आणायचं होतं. चंपाच्या फ्रॉकला पाच बटणं. आत्या हातांवर बसली आणि हळू आवाजात सुरू झाली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, चहा मागवला, प्यायले. चंपाने चौथं बटण चुकवलं, स्वतःच सोडलं, पुन्हा लावलं. पाचवं लागलं तेव्हा आत्या रडत होती, आणि डोळे पुसायलाही तिने हात काढले नाहीत. परीक्षक म्हणाले, "माताजी, बच्ची जूझती रही और आप बैठी मंत्र पढ़ती रहीं?" नापास! शेरा होता, 'सहायिकेने काहीही सहाय्य केले नाही.'

आणि आता जे सांगायचं ते सांगते. माझ्या वाट्याला अहिल्याबाई घाटाकडचा एक मुलगा होता. तो दुसऱ्या बटणावर अडला, परीक्षकांनी घड्याळाकडे नजर टाकली, आणि मी पुढे होऊन उरलेली बटणं पटापट लावून टाकली. मला पहिला वर्ग मिळाला. शेरा, 'तत्पर'.

मी तडक पर्चा लिहायला बसले. 'अंधेर' हा त्यातला सगळ्यात मवाळ शब्द होता. आत्याने वाचला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यातलं काही खोडलं नाही. "छान लिहिलायस. पण हा वाटलास तर चंपा शाळेत जाईल का?"

"नाही."

"आणि तुझा पहिल्या वर्गाचा कागद दाखवला तर?"

मी पर्च्याची घडी घातली. पोलीस चौकीतही मी कधी पर्चा असा मिटला नव्हता.

माझ्या कागदावर चंपा शाळेत बसली. तिच्या शेजारी मी, आणि बाहेर पायरीवर आत्या. मी चंपाच्या वहीकडे हात नेला की जाळीच्या खिडकीतून दटावणी यायची, "ए पर्चेवाली, हात!" मग मीही हातांवर बसायचे. एक दिवस चंपाने मलाच ढकललं. "हट, दीदी. मैं." बाहेर आत्या नाक शिंकरत होती.

अलीकडे आत्याचे हात थरथरतात. स्वेटरचं एक बटण लागायला बराच वेळ जातो. परवा गेले तेव्हा चंपा तिच्यासमोर मांडी घालून बसली होती, मोठी झालीय आता, तळहात मांड्यांखाली दाबून. मला राहवेना. मी पुढे झाले, तर चंपाने मानेनेच मला खाली बसायला सांगितलं.

बसले. हातांवर.

"काज खोजो," चंपा हळूच म्हणाली.

"खोजती हूँ, बाई," आत्या म्हणाली, "जल्दी काय आहे?"