सिंथियाचं विमान

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतेय — पण सुरुवात कुठून करू?

आम्ही दादरची खोली सोडून वसईला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा मी अकरावीत होते. इथे माझं होतं कोण? एकच मैत्रीण — भुईगावची सिंथिया. तिला पायलट व्हायचं होतं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ती सायकल हाणत यायची, वाडीतली केळी आईच्या हातात द्यायची आणि आमच्या नव्या कॉम्प्युटरवर विमान उडवायला बसायची. मुंबईहून उडायचं, मुंबईलाच उतरायचं. झकास जमायचं तिला. ती गेली की घर खायला उठायचं. आणि ही एक दिवस खरंच उडून गेली तर?

एका रविवारी तिने पुण्याला उतरायचं ठरवलं. विमानातली उंचीची सुई समुद्रापासूनची उंची दाखवते, खालच्या जमिनीपासूनची नाही. आमच्या किनाऱ्यावर दोन्ही जवळपास सारखंच, म्हणून फरक तिला कधी कळलाच नव्हता. पुणं मात्र समुद्रापासून दोनेक हजार फूट वर. मी खेळाच्या पुस्तिकेत हे वाचलं होतं. मला ठाऊक होतं.

त्या दिवशी खेळात धुकं होतं. विमान आदळलं.

"अगं, सुई दोन हजारावर होती ना? मग जमीन आली कुठून?"

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "तुझंच काहीतरी चुकतंय."

पुढचे कितीतरी रविवार तेच. तिचं विमान आदळायचं, मी मूग गिळून बसायचे. आणि — हे सांगताना जीभ अडखळते — जमीन दिसू नये म्हणून धुकं मीच लावायचे. खेळात तशी सोय होती. मत्सर होता का? नाही. ती मला हवी होती. पण कुणी हवं असलं म्हणून त्याचे पंख कापायचे?

शेवटी तीच म्हणाली, "खेळात जमत नाय, खरं काय उडवणार मी?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं, सगळ्यांनाच नाही जमत." अगदी मायेने म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारपर्यंत वाट पाहिली. ती आली नाही. नंतरही कधी आली नाही. विमानच नाही, तर आमच्याकडे यायचं कशाला? मग मी एकटीच खुर्चीत बसले. धुकं तसंच होतं. पुण्याला पहिल्याच खेपेला अलगद उतरले.