मिंगेलची फटफटी आणि अ‍ॅनीबाय

१९५९ च्या जूनमध्ये मला चौक्याच्या मराठी शाळेत नोकरी लागली. मी पिंगुळीची, वय एकवीस, गावात ओळखीचं कुणी नाही. हेडमास्तरांनी माझी सोय नर्सबाईंच्या घरी लावली. नर्सबाई म्हणजे अ‍ॅनी आल्मेडा. लोकल बोर्डाच्या दवाखान्यात त्या सुईणीचं काम करत. आसपासच्या सात-आठ वाड्यांतली बाळंतपणं त्यांच्याकडे होती. सगळे त्यांना अ‍ॅनीबाय म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्यांची मुलगी रोझा सावंतवाडीला आत्याकडे राहून शिकत होती. घरात त्या आणि त्यांचे यजमान मिंगेल, एवढेच.

मिंगेल पडवीत खाटेवर असायचे. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि डावी बाजू पूर्ण गेली होती. बोलणं मात्र शाबूत होतं. लढाईच्या काळात ते पलटणीत फटफटीवरून टपाल नेत. परत आल्यावर बेळगावच्या कॅम्पातल्या लिलावातून त्यांनी तशीच एक फटफटी विकत आणली होती. हिरवा रंग उडालेली, मोठी, जड गाडी. झटका येण्याआधीची पाच वर्षं त्यांनी बायकोला मागे बसवून बाळंतिणींच्या दारात पोचवलं होतं. आता ती गाडी पडवीच्या दुसऱ्या टोकाला गोणपाटाखाली उभी होती आणि मिंगेल दिवसभर तिच्याकडे तोंड करून पडून असत.

अ‍ॅनीबाय चालत जात. कधी बैलगाडी मिळायची, बहुतेकदा नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात धामापूरच्या बाजूची एक बाळंतीण त्या पोचायच्या आत अडली आणि मूल गेलं. त्या घरी आल्या, पाय धुतले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माका गाडी शिकय."

मिंगेल आधी हसले. "तुका? ती गाडी तुझ्या तिप्पट जड आसा गो."

"तू शिकयतलंस की नाय?"

दुसऱ्या सकाळपासून शिकवणी सुरू झाली. मी शाळेत जायच्या आधी ओट्यावर बसून बघायची. अ‍ॅनीबाय फ्रॉक घालत, त्याखाली त्यांनी मिंगेलची जुनी खाकी पँट चढवलेली. मिंगेल खाटेवरून सांगायचे, आणि सांगायचे तेही डोळे मिटून.

"पेट्रोलची कळ सोड. आता कार्बोरेटराची ती पितळेची वाटी दिसता? तिच्यावरचा बटण दाब. दाबून धर. पेट्रोल भायर पाझारला?"

"पाझारला."

"मग सोड. जास्त दाबलंस तर गाडी पेट्रोल पिऊन गुदमारतली. आता हवेची दांडी बंद कर. स्पार्काची दांडी मागे घे, नायतर किक उलटी येतली."

एक दिवस ती दांडी मागे घ्यायची त्या विसरल्या आणि किक खरंच उलटी आली. नडगीवर हातभर काळानिळा डाग उठला. अ‍ॅनीबाय ओट्यावर बसून पाय चोळत राहिल्या. मिंगेलचे डोळे मिटलेलेच होते, पण त्यांनी विचारलं, "लागला मां? माकाय पयल्या म्हयन्यात धा वेळा लागला."

दहाव्या की अकराव्या दिवशी गाडी सुरू झाली. शेजारच्या कोंबड्या उडाल्या, कुत्री भुंकू लागली. अ‍ॅनीबाय घाबरून हात सोडायला निघाल्या. मिंगेल ओरडले, "सोडू नको! हवेची दांडी हळूहळू उघड. हां. आता आयक." आणि ते ऐकत राहिले. त्यांच्या उजव्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर ठोके धरत होती. त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. ती गाडी त्यांनी वर्षभरात ऐकली नव्हती.

जानेवारीपर्यंत अ‍ॅनीबाय गाडी घेऊन दवाखान्यात जाऊ लागल्या. लोक आधी हसले. मग दोन-तीन बायका वेळेवर सुटल्या आणि हसणं थांबलं. रस्त्यावर फटफट ऐकू आली की बायका गुरं बाजूला ओढून धरत.

चालवणं त्या शिकल्या. गाडीची निगा मात्र त्यांच्या अंगात भिनली नव्हती. मिंगेलचं सांगणं असायचं की गाडीला खारी हवा सोसत नाही, दर रविवारी तिला वेळ द्यावा लागतो. चाकांचे आरे पुसून खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा, प्लग काढून काजळी खरवडायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्बोरेटरची वाटी उघडून रिकामी करायची. पावसाळ्यात टाकीच्या आत घाम धरतो, ते पाणी पेट्रोलबरोबर खाली उतरतं आणि वाटीच्या तळाशी बसतं. पेट्रोल वर तरंगतं, पाणी खाली राहतं. "इंजिनाक पयला पाणी मिळता," ते म्हणायचे. "मग तू कितीय लाथो मार."

१९६० च्या ऑगस्टात दहा दिवस सारखा पाऊस लागला होता. रस्त्यावर घोटाभर चिखल. गाडी गोणपाटाखाली होती. अ‍ॅनीबाय दिवसभर दवाखान्यात उभ्या, घरी आल्यावर मिंगेलचं अंग पुसणं, त्यांना कुशीवर वळवणं, पेज भरवणं. त्या फार दमलेल्या असत. त्या आठवड्यात मिंगेल रोज विचारत, "वाटी साफ केलंस?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चुलीपाशी बसूनच अ‍ॅनीबायनी सांगितलं, "केलंय."

केली नव्हती. मला ते ठाऊक होतं. गोणपाट जागचं हललंसुद्धा नव्हतं. मी गप्प राहिले. नवराबायकोच्या बोलण्यात आपण कशाला पडायचं, असं मला वाटलं. शिवाय त्या वाटीचं इतकं काय असणार, असंही वाटलं.

त्या शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. दुपारी तीनच्या सुमाराला काजरेवाडीचा महादू गावडे धावत आला. त्याचा मोठा भाऊ धोंडू चिरेखाणीवर काम करायचा. धोंडूची बायको सुगंधा पहिलटकरीण होती आणि सकाळपासून कळा देत होती. काजरेवाडी आमच्यापासून दीड कोस. अ‍ॅनीबायनी पिशवी उचलली. पाऊस नेमका थांबला होता.

"तू फुडे हो," त्या महादूला म्हणाल्या. "मी गाडयेन येतंय. तुझ्याआदी पोचतंय बग."

तो आडवाटेने पळाला. अ‍ॅनीबायनी गोणपाट ओढून काढलं, कळ सोडली, बटण दाबलं, दांड्या ठीक केल्या आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पंधरा-वीस किका झाल्या. एकदा इंजिन खोकल्यासारखं झालं आणि बसलं.

मिंगेल खाटेवरून म्हणाले, "पेट्रोल जास्त झाला आसतला. कळ बंद कर. प्लग काढ, पूस, सुकव."

त्यांनी प्लग काढला, पुसला, चुलीच्या उबेला धरला, पुन्हा बसवला. पुन्हा दहा किका. काही नाही.

"स्पार्क बग."

स्पार्क होता. निळी ठिणगी मलाही दिसली.

"मग पेट्रोलाची भानगड," मिंगेल म्हणाले आणि क्षणभर थांबले. "पण वाटी तर तू साफ केलंहस." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "परत प्लग काढ. भिजलो आसतलो."

त्या वेळी अ‍ॅनीबायनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदाच. मग त्या खाली बसल्या आणि पुन्हा प्लगच काढायला लागल्या. आपण खोटं बोललो हे नवऱ्यापुढे कबूल करायची त्यांना लाज वाटली, की घाईत डोकंच चालेना, हे मी पुढे कित्येक वर्षं मनाशी विचारत राहिले. मी का बोलले नाही, हेही विचारत राहिले.

असा पाऊण तासाहून जास्त वेळ गेला. शेवटी त्यांनी पान्हा टाकला, पिशवी डोक्यावर घेतली आणि चिखलातून पळत निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा मूल झालेलं होतं. मुलगी, ठणठणीत. वाडीतल्या हौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या सुईणीने नाळ कापली होती. पण सुगंधाचं रक्त थांबत नव्हतं. रक्त थांबवायचं इंजेक्शन अ‍ॅनीबायच्या पिशवीत होतं. त्यांनी ते दिलं, पोट दाबून धरलं, कमरेखाली उशा लावल्या. काही उपयोग झाला नाही. अर्ध्या तासात सुगंधा गेली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल.

संध्याकाळी परत आल्यावर अ‍ॅनीबाय कपडे न बदलता गाडीपाशी बसल्या. त्यांनी कार्बोरेटरची वाटी सोडवली आणि पांढऱ्या बशीत ओतली. वर पेट्रोल आणि खाली थेंबाथेंबांनी जमलेला पाण्याचा गोळा, बोटभर रुंद. त्यांनी वाटी पुसली, पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकात फुंकर मारली, सगळं जागच्या जागी बसवलं. दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली. त्यांनी लगेच बंद केली.

मिंगेलनी सगळं ऐकलं होतं. विचारायचं काही उरलं नव्हतं.

"अ‍ॅनी," ते म्हणाले, "हय ये."

त्या गेल्या नाहीत. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

महिनाभर त्या दवाखान्यात जायच्या, काम करायच्या, यायच्या. जेवण नावाला. रविवारी चर्चमध्ये मासाला जाऊन आल्या की गाडी खोलायच्या. वाटी, जेट, प्लग, टाकीची जाळी. मिंगेल सांगायला जायचे, पण त्यांना सांगण्यासारखं काही उरत नसे. एकदा ते मला हळूच म्हणाले, "मास्तरणी, मीय कमी नाय. माका इचारूक व्हया होता, खरा सांग म्हणान. पण ती खोटा बोलात ह्या माझ्या मनातच इला नाय."

सप्टेंबरच्या अखेरीस अ‍ॅनीबाय म्हणाल्या, "काजरेवाडीक जावचा आसा. तू येशीत?" आम्ही गाडीवरूनच गेलो.

धोंडू घरापुढच्या खळ्यात मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. बाटलीतून शेळीचं दूध पाजत होता. आम्हाला बघून त्याने चटई टाकली, पाणी दिलं. म्हणाला, "बाय, तुमी केलास तेवडा कोण करणार? पळत इलास. देवाच्या मनातच नव्हता."

अ‍ॅनीबाय चटईवर बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगायला लागल्या. गाडी का चालू झाली नाही, वाटीत पाणी कसं होतं, नवऱ्याने रोज विचारलं होतं आणि आपण खोटं सांगितलं होतं. "सरळ चलान इलंय आसतंय तरी पोचलंय आसतंय. इंजेक्शन माझ्या पिशयेत होता," त्या म्हणाल्या.

बाटली रिकामी झाली होती तरी धोंडू ती मुलीच्या तोंडाशी धरून होता.

"ह्या माका कित्याक सांगलास?" तो शेवटी म्हणाला.

"तुका कळाक व्हया म्हणान."

"माका नको होता." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी देवाचा नाव घेऊन गप रवलंय होतंय. आता काय करू? सांगा तुमीच. आता मी रोज काय करू?"

धोंडू उठला, मुलीला छातीशी धरून घरात गेला आणि आतून म्हणाला, "परत हय येव नको."

येताना त्या गाडी ढकलतच चालत राहिल्या. मी मागून चालले. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "माझ्या मनातला ओझा कमी करूक मी त्याच्यार घातलंय. तू माका आडवलंस कित्याक नाय गो?" मग लगेच म्हणाल्या, "नाय. तुझो काय दोष नाय."

मला मात्र तेव्हा आणि त्याआधीही बोलायला हवं होतं.

मिंगेल १९६३ च्या फेब्रुवारीत गेले. छातीत कफ भरला आणि चार दिवसांत आटोपलं. शेवटच्या दिवसापर्यंत अ‍ॅनीबाय बाहेर निघाल्या की ते इंजिनाचा आवाज ऐकत आणि काही कमीजास्त वाटलं तर त्या परत आल्यावर सांगत. ते गेल्यावर सांगणारं कुणी राहिलं नाही. गाडी सुरू केल्यावर त्या थोडा वेळ तशाच थांबायच्या, मग निघायच्या. गाडी पुन्हा कधी अडली नाही. १९६० नंतरच्या आठ वर्षांत त्यांनी पाचशेच्या वर बाळंतपणं केली असतील. कुणी आभार मानले की त्या मान फिरवून पिशवी आवरायला लागत.

काजरेवाडीत मात्र त्यांना कुणी बोलावलं नाही. धोंडूने लोकांना काय सांगितलं, की काहीच सांगितलं नाही, मला माहीत नाही. त्याने दुसरं लग्न केलं नाही. मुलीचं नाव नर्मदा ठेवलं. सहा वर्षांची झाल्यावर ती माझ्याच वर्गात आली. शांत पोर, अक्षर चांगलं. घरी गेल्यावर अ‍ॅनीबाय मला तिच्याबद्दल विचारत. आज काय शिकली, डबा काय आणला, केस कोण विंचरतं. शाळेच्या बाजूने जाताना मात्र त्या गाडी कधी थांबवत नसत.

१९६८ साली त्यांची शिरोड्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "एकदा जाऊन येतंय. भायर घालयल्यान तर घालयल्यान."

मी बरोबर गेले. धोंडू चिरेखाणीवर निघायच्या तयारीत होता. आठ वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने अ‍ॅनीबायकडे पाहिलं, खांद्यावरचं फावडं खाली ठेवलं. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

"मी जातंय," अ‍ॅनीबाय म्हणाल्या. "शिरोड्याक."

"आयकलंय."

नर्मदा दारात येऊन उभी राहिली. पाटी घेतलेली, वेणी वाकडी घातलेली. धोंडू स्वतःच घालत असणार.

"मी इसारलंय नाय," धोंडू म्हणाला.

"मीय नाय."

मग धोंडू मुलीला म्हणाला, "हे नर्सबाय. तुझ्या आवशीच्या शेवटाक हेच होते. तिचो हात हेंच्या हातात होतो." एवढं बोलून त्याने फावडं उचललं आणि खाणीच्या वाटेला लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

नर्मदा जागची हलली नाही. अ‍ॅनीबायकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "माझी आवस कशी होती?"

अ‍ॅनीबाय तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. सुगंधाला त्यांनी अर्धा तासच पाहिलं होतं, आणि तोही कसला. तरी त्या सांगायला लागल्या, तिचे केस लांब होते, तुझ्यासारखेच डोळे होते, तिने तुला एकदा हात लावून पाहिलं होतं. त्यातलं किती खरं होतं, मी विचारलं नाही. नर्मदा ऐकत होती आणि शाळेची वेळ टळून गेली तरी मी तिला चल म्हटलं नाही.